नारिंगी पाटी आणि गुलाबी रेघ

हार्लेमहून ए-९ या हमरस्त्याला लागलं की थोड्याच वेळात एखादा तरी चकचकीत टँकर आपल्या पुढे येतो. त्याच्या पाठीवर काळ्या कडेची नारिंगी पाटी असते. ४० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच, आणि तिच्यावर एकाखाली एक असे दोन आकडे. वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाने ही पाटी शेकडो वेळा पाहिली असणार. ती वाचायची असते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आमच्या घरात त्या पाटीचा खेळ झाला आहे. गाडीत मागे बसलेल्या मुलांपैकी जो आधी आकडा ओळखेल त्याला गुण. खालचा आकडा मालाचा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १९६५ म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचा भाऊबंद. १०७३ दिसला की मुलं ओरडतात, "हॉस्पिटल!", कारण तो द्रवरूप ऑक्सिजन. वरचा आकडा स्वभावाचा. ३ म्हणजे पेट घेणारा द्रव, आणि तोच आकडा दोनदा आला, ३३, तर फारच लवकर पेट घेणारा. २३ म्हणजे पेटणारा वायू. आकड्याच्या आधी एक्स असेल तर त्या मालाचं आणि पाण्याचं हाडवैर आहे, तेव्हा बंबवाल्यांनीसुद्धा पाण्याचा नळ उघडण्याआधी दोनदा विचार करावा. दुधाच्या टँकरला पाटी नसते. धाकटीला त्याचं वाईट वाटतं.

खेळ मुलांचा खरा, पण त्या पाटीमागे एक मोठा कारभार उभा आहे, आणि त्याविषयी आज लिहायचं आहे. निमित्त झालं ते आमच्या मनमाडच्या दादांचं. पण त्यांच्याकडे येण्याआधी या देशाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, म्हणजे इथली माणसं एका पाटीसाठी एवढा काथ्याकूट का करतात ते कळेल.

आम्ही दोघं मास्टर्स करायला डेल्फ्टला आलो, तेव्हा गाव दाखवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की १६५४ साली या गावाचा मोठा भाग दारूगोळ्याच्या कोठाराने उडवला होता. चित्रकार कारेल फाब्रिसिउस त्यातच गेला. पण ते कोठार होतं, जागचं हलणारं नव्हतं. दुसरी गोष्ट लायडनची. हार्लेमहून रेल्वेने वीस मिनिटांच्या अंतरावरचं हे विद्यापीठाचं गाव. १२ जानेवारी १८०७ रोजी बंदुकीची दारू भरलेलं एक जहाज भर वस्तीतल्या कालव्यात बांधून ठेवलं होतं. दुपारी ते उडालं. दीडशेच्या आसपास माणसं मेली, दोनशेहून अधिक घरं पडली. आज तिथे झाडांचं एक सुंदर उद्यान आहे. लोक बाकावर बसून सँडविच खातात. इतकी मोकळी जागा जुन्या गावाच्या मधोमध कशी, असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर हे आहे.

त्या जहाजात काय आहे हे शेजारच्या घरात जेवायला बसलेल्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. धोकादायक मालाच्या वाहतुकीतली खरी अडचण हीच. कारखाना एका जागी असतो. त्याच्या शेजारी राहायचं की नाही हे निदान थोडंफार आपल्या हातात असतं. टँकर मात्र आपल्या शेजारी येऊन उभा राहतो, सिग्नलला, पुलावर, बोगद्यात. आपण त्याला निवडलेलं नसतं.

बोगद्याचं म्हणाल तर एक योगायोग पाहा. हार्लेमच्या उत्तरेला नॉर्थ सी कालव्याखालून जाणारा वेल्सर बोगदा राणी युलियाना यांनी २८ सप्टेंबर १९५७ रोजी खुला केला. बरोबर दोन दिवसांनी, ३० सप्टेंबरला, जिनिव्हात एका करारावर सह्या झाल्या: धोकादायक माल रस्त्याने एका देशातून दुसऱ्या देशात कसा न्यायचा याचा करार. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला एडीआर म्हणतात. तो अमलात यायला १९६८ साल उजाडलं. मूळ नावात 'युरोपीय' असा शब्द होता, तो २०२१ पासून काढला, कारण युरोपाबाहेरचे देशही त्यात आले होते. दर दोन वर्षांनी त्याची सुधारलेली आवृत्ती निघते, आणि जाडी पाहिली तर आपली ज्ञानेश्वरी त्यापुढे सडपातळ वाटावी. बोगद्यांचेही त्यात ए पासून ई पर्यंत पाच वर्ग केले आहेत. कुठल्या मालाच्या टाकीने कुठल्या अक्षराच्या बोगद्यात शिरायचं नाही हे ठरलेलं आहे. पेट्रोलच्या टँकरला जिथून वाट मिळते तिथूनही एलपीजीच्या टँकरला कधीकधी मिळत नाही, मग त्याने वळसा घालायचा. ऑगस्ट १९७८ मध्ये याच वेल्सर बोगद्यात अपघात होऊन आग लागली आणि पाच जण गेले. बंद नळीत आग म्हणजे काय ते या भागातल्या जुन्या लोकांना शिकवावं लागत नाही.

आता दादा. दादा म्हणजे आमचे मावसभाऊ, वयाने आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून पेट्रोल-डिझेल भरून टँकर नाशिककडे, खानदेशात, मराठवाड्यात जातात. दादांचे दोन टँकर या धंद्यात आहेत. गेल्या उन्हाळ्यात ते आणि वहिनी पहिल्यांदाच आमच्याकडे आले. ट्यूलिपचा हंगाम संपला होता, तेव्हा वहिनींना पवनचक्की, चीझ आणि सेंट बाव्हो चर्चमधला अवाढव्य ऑर्गन दाखवला. लहानपणी मोत्झार्ट इथे येऊन तो वाजवून गेला, हेही ऐकवलं. दादांनी सगळं सौजन्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "ते सगळं छान आहे रे. पण तुमच्याकडे टँकरचं पासिंग कसं होतं ते दाखवा ना."

म्हणून शनिवारी आम्ही त्यांना वार्डरपोल्डर या हार्लेमच्या औद्योगिक भागात घेऊन गेलो. तिथे एका ओळखीच्या वाहतूकदाराच्या यार्डात एक टँकर उभा होता, आणि त्याचा चालक, पन्नाशीचा धिप्पाड माणूस, सुट्टीच्या दिवशीही खुशीत आला, कारण त्याच्या गाडीत कुणाला तरी रस होता. दादांना डच येत नाही, त्याला मराठी येत नाही. तरी पहिली दहा मिनिटं आमची कुणाला गरजच पडली नाही. दोघं टँकरखाली वाकून व्हॉल्व्ह बघत होते.

इथे साधी गाडी रस्त्यावर आणणं वेगळं आणि धोकादायक माल नेणारी टाकीची गाडी वेगळी. वाहनांची नोंदणी आणि तपासणी करणारी आरडीडब्ल्यू नावाची सरकारी संस्था आहे. नेहमीच्या तपासणीवर ती अशा गाडीची आणखी एक तपासणी करते. पेट्रोलसारखा चटकन पेटणारा द्रव किंवा पेटणारा वायू नेणाऱ्या टाकीच्या गाडीला एफएल असा वर्ग मिळतो, इतर टाक्यांना एटी, आणि स्फोटकांच्या गाड्यांना ईएक्स. त्या त्या वर्गाप्रमाणे काय बघायचं याची यादी ठरलेली.

आम्ही दादांना यादी सांगत गेलो आणि चालक बोटाने दाखवत गेला. बॅटरीचा मुख्य स्विच एक केबिनमधून चालतो आणि एक बाहेरून, म्हणजे चालक आत अडकला असला तरी बाहेरचा माणूस वीज तोडू शकतो. बॅटरीची टोकं झाकलेली. तारा अशा बांधलेल्या की दगड उडून लागला तरी घासणार नाहीत. इंजिन आणि धुराडं यांची उष्णता मालापर्यंत पोचता कामा नये. मागे टाकीच्या पूर्ण रुंदीचा बंपर, आणि बंपर व टाकी यांत निदान १०० मिलिमीटर मोकळी जागा, कारण मागून कुणी धडकलं तर आधी लोखंड वाकावं, टाकी नाही. जड गाड्यांना उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून वेगळी मंदावणारी यंत्रणा. साडेसात टनांवरच्या गाडीत एकूण १२ किलो पावडरची अग्निशामक नळकांडी. चाकाला लावायची उटी, डोळे धुवायचं पाणी, हातमोजे, दिवा.

दादांना सगळ्यात आवडला तो तोल सांभाळण्याचा नियम. भरलेल्या टँकरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून जितका उंच, त्याच्या निदान ९० टक्के रुंदी त्याच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमध्ये हवी. नवीन नमुन्याची गाडी एका कलत्या फलाटावर चढवून २३ अंशांपर्यंत कलंडवून बघतात, नाहीतर तेच गणिताने सिद्ध करावं लागतं. "म्हणजे घाटातलं वळण गाडीला आधी शाळेतच दाखवतात," दादा म्हणाले. आमच्या पेशात टाक्या आणि झडपाच असतात, पण ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत आम्हांला सांगता आली नसती.

मग अर्ध्या टाकीचा नियम. मोठी टाकी आतून पडदे घालून साडेसात हजार लिटरच्या कप्प्यांत विभागलेली नसेल, तर द्रव ८० टक्क्यांहून जास्त तरी भरा नाहीतर २० टक्क्यांहून कमी तरी. मधलं काही चालणार नाही. कारण अर्ध्या टाकीतला द्रव वळणावर एका बाजूला धावतो आणि गाडीला घेऊन आडवा होतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्याकडे माणसांबद्दल म्हणतात, जिनिव्हाच्या लोकांनी ते टाकीला लावलं.

तपासणीत गाडी पास झाली की जो कागद मिळतो त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी गुलाबी रेघ असते. कुठल्याही करारातल्या देशात जा, तीच गुलाबी रेघ, म्हणजे सीमेवरच्या पोलिसाला भाषा कळली नाही तरी कागद कळतो. त्याची मुदत एक वर्ष. टाकीचा हिशेब आणखी वेगळा: दर तीन वर्षांनी गळती बघायची आणि दर सहा वर्षांनी पाण्याने भरून दाबाखाली तपासायची. पुढची तारीख कधी, ते कागदपत्रांत लिहिलेलं असतं.

दादांनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हा बघतं कोण?"

आम्ही म्हटलं, रस्त्यावर पोलीस आणि वाहतूक निरीक्षक बघू शकतात. दादा हसले. मनमाड ते औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, या रस्त्यावर पोलीस काय बघतात हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण चालकाला प्रश्न भाषांतर करून सांगितला तेव्हा त्याने वेगळंच उत्तर दिलं. तो म्हणाला, पोलिसाने मला वर्षानुवर्षांत दोनदा अडवलं असेल. कागद बघतो तो भरणारा. टाकीच्या तपासणीची तारीख उलटून गेली असेल तर डेपोवाला नळी जोडत नाही. बस.

हेच या सगळ्या कारभाराचं मर्म. त्या जाड ग्रंथात एक प्रकरण केवळ कुणाची जबाबदारी काय याचं आहे. माल पाठवणारा, भरणारा, वाहून नेणारा, उतरवून घेणारा, प्रत्येकाचं काम नावानिशी लिहिलं आहे. टाकी सुस्थितीत आहे ना आणि तारीख उलटली नाही ना, हे भरण्याआधी पाहणं भरणाऱ्याच्या माथी. चालकाला त्याला कळणाऱ्या भाषेत संकटकाळच्या सूचना देणं वाहतूकदाराच्या माथी. पोलंडचा चालक असेल तर पोलिश भाषेत. न पाहता नळी जोडली आणि काही झालं, तर भरणारा 'मला काय माहीत' म्हणू शकत नाही. परवाना एक माणूस देतो, पण तो जिवंत ठेवतो पुढचा माणूस, आणि त्याच्या पुढचा.

दादा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आमच्याकडेही आहे."

आणि ते खरं आहे. परदेशात राहिलेल्या आपल्यासारख्यांना एक खोड लागते, इकडचं सगळं शिस्तीचं आणि तिकडचं सगळं रामभरोसे असं बोलायची. म्हणून हे नीट लिहायला हवं. भारतात पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेची जी केंद्रीय संस्था आहे, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. हे खातं १८९८ पासूनचं, म्हणजे जिनिव्हाच्या करारापेक्षा जवळपास साठ वर्षांनी जुनं. पेट्रोल नेणाऱ्या टाकीच्या गाडीला त्यांचा परवाना लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाची पाटी, चालकाचं वेगळं प्रशिक्षण, धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी, सगळं आहे. पाटीवरचा १२०३ हा आकडासुद्धा तोच, कारण ते आकडे संयुक्त राष्ट्रांचे आहेत. डेपोच्या फाटकावर कागद बघूनच गाडी आत घेतात. "एक कागद कमी असला तर दिवसभर बाहेर उन्हात," दादा म्हणाले. भारत जिनिव्हाच्या करारात नाही, पण नियमांची वाण आपल्याकडे नाही.

मग फरक कुठे आहे? दादांनी त्या दिवशी यार्डातून परत येताना गाडीत एक नाव घेतलं, यशवंत सोनवणे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ टँकरमधल्या तेलात भेसळीचा प्रकार त्यांच्या नजरेस पडला, ते थांबले, आणि तिथेच त्यांना जाळून मारण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. "त्यानंतर कुठेही गेलो आणि मनमाडचा टँकरवाला म्हणून सांगितलं की लोक एक पाऊल मागे सरकायचे," दादा म्हणाले. "आम्ही काही न करता." थोड्या वेळाने म्हणाले, "तो माणूस बघायला थांबला होता. नुसतं बघायला."

बघणारा एकटा पडला की असं होतं. भरणारा, नेणारा, घेणारा, दुरुस्त करणारा, सगळेच जिथे थोडं थोडं बघतात, तिथे एकाच्या जिवावर ते येत नाही. आम्हांला त्या दिवशी एवढंच उमगलं, आणि ते कुठल्याही पुस्तकातून नाही, तर त्या दोन टँकरवाल्यांमुळे.

रात्री जेवणं झाल्यावर दादांनी त्यांना पासिंगचा एवढा ध्यास का लागला ते सांगितलं. वहिनींना ते ठाऊक होतं. त्या उठून भांडी घासायला गेल्या, यंत्र असताना.

दोन वर्षांपूर्वी दादांच्या एका टँकरच्या शिडीचं क्लँप तुटलं. किरकोळ काम. चालकाने गाडी रस्त्याकडेच्या एका गॅरेजला लावली. गाडी पास होती, परवाना चालू होता, विमा भरलेला, चालकाच्या लायसन्सवर शिक्का. टाकी रिकामी होती, आदल्या दिवशी पेट्रोल उतरवून आली होती. वेल्डरने काम सुरू केलं. त्याच्या हाताखालचा मुलगा झाकणाजवळ वर बसला होता. १९ वर्षांचा. आवाज दोन किलोमीटरवर ऐकू गेला म्हणतात. वेल्डर वाचला, मुलगा नाही.

"रिकामी होती रे," दादा म्हणाले. "रिकामीच होती."

रिकामी टाकीच जास्त वाईट, हे सांगणं आमच्या कामाचाच भाग, पण त्या रात्री ते दादांसमोर बोलवेना. इथे मात्र लिहितो, कारण हे घराघरांत माहीत असायला हवं. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच, साधारण दीड ते साडेसात टक्के. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते, म्हणून आत स्फोट होणं अवघड. टाकी उपसली की पेट्रोलच्या जागी हवा शिरते. भिंतींना ओल असते, तळाला पेलाभर उरलेलं असतं, त्याची वाफ होते. वाफ हवेपेक्षा जड, ती सहजी बाहेर जात नाही, तळाशी बसून राहते. अशी टाकी म्हणजे ठिणगीची वाट बघणारा बॉम्ब. डोळ्यांना मात्र ती रिकामी दिसते.

म्हणून जिनिव्हाच्या नियमात न धुतलेली रिकामी टाकी भरलेल्यासारखीच धरली जाते. नारिंगी पाटी तिच्यावर राहते. टाकी धुऊन, आतला वायू काढून, तसा दाखला मिळाला की मगच पाटी झाकायची. इथल्या दुरुस्तीच्या दुकानात तो दाखला पाहिल्याशिवाय कुणी टाकीजवळ वेल्डिंगची मशाल आणत नाही. कायदा तिकडेही असंच सांगतो: टाकीत वायू उरलेला नाही असं जाणकाराने लिहून दिल्याशिवाय तिच्यावर आगीचं काम करायचं नाही. डेपोच्या फाटकावर कागद मागतात, कारण काही झालं तर डेपो जळेल. त्या गॅरेजमध्ये कुणी मागितला नाही. शिडीचं क्लँप तर होतं.

त्या मुलाच्या आईला दादा दर महिन्याला पैसे पाठवतात. ते आम्हांला वहिनींकडून कळलं. दादांनी त्या रात्री एवढंच विचारलं, की अशा वेळी गाडीच्या मालकाचं काम काय, ते तुमच्या त्या पुस्तकात लिहिलेलं आहे का. आम्ही जे लिहिलेलं आहे ते वाचून मराठीत सांगितलं. ते वहीत उतरवून घेत होते, शाळेतल्यासारखं, समास सोडून.

परवाना हा गाडीच्या मालकासाठी असतो असं आपल्याला वाटतं. तो खरं तर त्याच्यासाठी असतो ज्याने गाडी पाहिलेलीसुद्धा नाही. जुलै १९७८ मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर लोस अल्फाकेस इथे प्रोपिलीनचा टँकर प्रवाशांच्या तंबूंच्या छावणीजवळ फुटला. टाकीत प्रमाणाबाहेर माल भरलेला होता. दोनशेहून अधिक माणसं गेली, बहुतेक सुट्टीला आलेली. भरतानाच कुणी काट्याकडे पाहिलं असतं तर ती गाडी निघालीच नसती. २०२३ च्या जूनमध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ टँकर पेटला, आणि जळता द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडला. खालून जाणाऱ्यांना वर काय चाललं आहे ते ठाऊकही नव्हतं. चार जण गेले. इथे नेदरलँड्समध्ये २००५ साली एलपीजीच्या धंद्यातल्या लोकांनी सरकारशी करार करून टँकरच्या टाक्यांना उष्णता रोखणारं आवरण चढवायचं ठरवलं. आग लागली तरी टाकी लगेच फुटू नये, बंबवाल्यांना आणि आसपासच्या घरांतल्यांना निसटायला वेळ मिळावा, एवढाच हेतू. जिनिव्हाच्या करारात ती सक्ती नव्हती. दाट वस्तीच्या छोट्या देशाने आपल्या शेजाऱ्यांचा विचार करून ती स्वतःवर घातली.

दादा परत गेल्यावर दीड महिन्याने त्यांचा फोटो आला. दोन्ही टँकरांच्या मागे, नेहमीच्या पाटीच्या खाली, पेंटरकडून ठसठशीत मराठीत लिहून घेतलं आहे: 'टाकी रिकामी असली तरी पेटते. दाखला पाहिल्याशिवाय वेल्डिंग करू नका.' आम्ही फोन केला. म्हणाले, संघटनेतले लोक आधी हसले, की दादा हॉलंडला जाऊन आले आणि गाडीवर सुविचार लिहायला लागले. मग एकाने पेंटरचा नंबर मागितला. गॅरेजवाले म्हणतात, वायू काढून आणायला अख्खा दिवस जातो, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. दादांनी त्यांना सांगितलं की माझ्या गाडीचा तो दिवस मी भरून देतो. इतरांच्या गाड्यांचं काय, याचं उत्तर अजून त्यांच्याकडे नाही. आमच्याकडेही नाही.

आता आपल्यासाठी दोन गोष्टी. या डिसेंबरात आपल्यापैकी बरीच कुटुंबं घरी जातील, भाड्याची गाडी करून पुण्या-मुंबईहून गावाकडे निघतील. वाटेत टँकर उलटलेला दिसला तर गाडी लांब थांबवा, वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा तुमच्याकडून टँकरकडे वाहील अशा बाजूला. फोटो काढायला जवळ जाऊ नका. पाटीवरचा आकडा लांबून वाचता आला तर ११२ वर फोन करून तो सांगा. बंब निघण्याआधीच त्यांना माल कळेल. आणि लोक डबे, कॅन घेऊन तेल गोळा करायला धावताना दिसले तर ओरडून मागे बोलवा, वाईटपणा आला तरी चालेल. पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ २५ जून २०१७ रोजी, ईदच्या तोंडावर, असंच सांडलेलं पेट्रोल गोळा करताना दोनशेहून अधिक माणसं जळून मेली. ती हावरी नव्हती, गरीब होती, आणि त्यांना कुणी वेळेवर थांबवलं नाही.

दुसरी गोष्ट लहान आहे. नात्यात कुणी टँकर चालवत असेल, गॅरेज चालवत असेल, वेल्डिंगचं काम करत असेल, तर रिकाम्या टाकीचं एवढं एक वाक्य त्यांच्या कानावर घाला. पुतण्याला घड्याळ आणि चॉकलेट आपण नेतोच. हे वाक्य नेताना बॅगेचं वजन वाढत नाही.